क्रिएटिनीन १.३ चं १.६ झालं, तारखेपर्यंत थांबू का?

नमस्कार मॅडम. माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. १६ महिन्यांपूर्वी मीच त्याला किडनी दिली, ऑपरेशन पुण्यात झालं. तेव्हापासून त्याचं क्रिएटिनीन १.२-१.३ असायचं. परवा इथे तालुक्याच्या लॅबमध्ये केलं तर १.६ आलं, पुढे ठळक 'एच' छापलेलं. युरिया ६२. मुलगा म्हणतो, पॉइंट तीनने काय होतंय? माझ्या मात्र डोळ्याला डोळा नाही. माझं वय ५२, माझी किडनीच जुनी पडली असेल का? भाचा फार्मसीला आहे, तो म्हणतो क्रिएटिनीन जुनी टेस्ट झाली, सिस्टॅटिन सी करा. नणंदबाई गुळवेलीचा काढा द्यायला सांगतात. टॅक्रोलिमसची लेव्हल चार महिन्यांत झालेली नाही, आणि तेव्हाही तो गोळी घेऊन, नाश्ता करूनच लॅबला गेला होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याला तीन दिवस जुलाब झाले होते, आता बरा आहे. पुण्याची पुढची तारीख सव्वा महिन्याने आहे. तोवर थांबू का?
– कऱ्हाड तालुक्यातून एक आई

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. थांबू नका. तारीख सव्वा महिन्याने असली तरी फोन आजच करा. तुमच्या सेंटरच्या कोऑर्डिनेटरला सांगा की क्रिएटिनीन १.३ चं १.६ झालंय, लॅब वेगळी होती, पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते आणि टॅक्रोची लेव्हल चार महिने झालेली नाही. एवढं ऐकलं की पलीकडचं माणूस पुढचं सगळं आपणहून विचारील. मी स्वतः प्रत्यारोपण समन्वयक म्हणून अठरा वर्षं असे फोन घेतले आहेत. असा फोन लवकर आला म्हणून कधी कुणी रागावल्याचं मला आठवत नाही. उशिरा आलेले फोन मात्र अजून आठवतात.

लगेच हेही सांगते, १.६ म्हणजे किडनी गेली असं मुळीच नाही. काहीतरी हललंय, एवढंच तो आकडा सांगतोय. काय हललंय ते त्याला सांगता येत नाही, ते आपल्याला शोधायचंय.

क्रिएटिनीन किडनीत तयार होत नाही. ते स्नायूंतून येतं. आपले स्नायू रोज ठरावीक प्रमाणात ते रक्तात सोडत असतात आणि किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळणी मंदावली की ते रक्तात साठतं आणि आकडा चढतो. म्हणजे या आकड्यात किडनी आणि स्नायू दोघांचाही हात असतो. १.६ हाच आकडा तुमच्या मुलाच्या वयाच्या पुरुषाला लावला, तर २०२१ च्या सूत्राप्रमाणे त्याचा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ६० च्या आसपास येतो. तोच आकडा ५२ वर्षांच्या बाईला लावला तर ३९. रिपोर्ट शेजाऱ्याच्या रिपोर्टशी ताडून पाहू नका असं मी दर वेळी सांगायचे, ते याच्यासाठी.

आणि तो 'एच'? तो लॅबचं मशीन छापतं. त्याला माहीत नसतं की समोरच्या माणसाची एकच किडनी काम करतेय आणि तीही दुसऱ्याच्या शरीरातून आलेली. तुमच्या मुलाची बेसलाइन, म्हणजे त्याचा नेहमीचा आकडा, १.३ आहे. कागदावर छापलेल्या नॉर्मलशी तुलना करून त्याचं काहीच कळणार नाही. तुलना त्याच्या स्वतःच्या १.३ शी करायची. त्या हिशोबाने ही वाढ २३ टक्क्यांची आहे. तब्येत ठणठणीत असतानाही क्रिएटिनीन पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतच असतं, १.३ चं १.४ झालं तर आम्ही पुढच्या तपासणीकडे लक्ष ठेवतो. पण वीस-पंचवीस टक्के वाढ म्हणजे कारण शोधायचं. ०.३ ची वाढ दोन दिवसांत झाली असती तर तिला सरळ किडनीला झालेली तीव्र इजा म्हणतात. तेव्हा 'पॉइंट तीनने काय होतंय' या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर, पुष्कळ काही होऊ शकतं.

आता लॅब. क्रिएटिनीन मोजण्याची एक रीत १८८६ ची आहे, माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाची. अल्कलीत पिक्रिक आम्ल घालतात, क्रिएटिनीन असेल तर केशरी रंग येतो, आणि रंग किती गडद यावरून आकडा काढतात. अनेक लॅबमध्ये आजही हीच रीत चालते. पण रक्तातल्या दुसऱ्याही काही पदार्थांनी तसाच रंग येतो, कीटोनने येतो, काही अँटिबायोटिकनेही येतो. एन्झाइमची रीत यापेक्षा नेमकी असते. त्यामुळे एकाच दिवशी दोन लॅबमध्ये रक्त दिलं तर ०.१-०.२ चा फरक पडू शकतो. म्हणून पहिलं काम हे की, त्याची नेहमीची तपासणी जिथे व्हायची, १.३ जिथे यायचं, तिथेच दोन दिवसांत परत करा. गावात सोयीची लॅब असली तरी आत्ता तिथे नको. आणि आदल्या रात्री मटणाचा बेत नको, शिजलेल्या मांसाने क्रिएटिनीन काही तास चढलेलं दिसतं. तो जिमला जात असेल आणि कसली पावडर घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, विशेषतः डब्यावर 'क्रिएटिन' लिहिलेलं असेल तर.

पण ताई, मला लॅबपेक्षा जास्त लागून राहिली ती तुमची जुलाबाची ओळ. 'आता बरा आहे' म्हणून तुम्ही ती पत्राच्या शेवटी ठेवलीत. मी तिथूनच सुरुवात केली असती.

जुलाबात शरीरातलं पाणी जातं आणि किडनीकडे रक्त कमी पोचतं. अशा वेळी युरिया क्रिएटिनीनपेक्षा जोरात वाढतो. तुमच्याकडे युरिया ६२ आहे, त्यामुळे पाणी कमी पडलं असण्याची शंका घ्यायला जागा आहे. पण युरियाच्या भरवशावर बसता येत नाही. जास्त प्रथिनं खाल्ली तरी तो वाढतो, स्टेरॉइडनेही वाढतो, आणि तुमचा मुलगा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बहुधा घेत असेल. दुसरी गोष्ट टॅक्रोलिमसची. आतड्याच्या अस्तरात हे औषध मोडून टाकणारी यंत्रणा असते, त्यामुळे गिळलेल्या गोळीतला थोडाच भाग रक्तात पोचतो. जुलाबात ते अस्तर दुखावतं, यंत्रणा ढिली पडते आणि नेहमीच्याच डोसमधून कितीतरी जास्त औषध रक्तात जातं. टॅक्रोलिमस जास्त झालं की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. रिजेक्शन, म्हणजे शरीराने बसवलेली किडनी नाकारणं, अडवणारं औषधच तेव्हा किडनीला त्रास देतं, आणि क्रिएटिनीन चढतं. चहाचा कप धरताना त्याचा हात थरथरतो का, ते जरा बघा.

आता उलटी बाजू, आणि ही विचारायला अवघड आहे. त्या तीन दिवसांत त्याने गोळ्या घेतल्या होत्या का? पोटात काही ठरत नाही म्हणून एखाद-दोन वेळा राहिल्या का? किंवा त्याच्याही आधी कधी रात्रीची राहिली, कामाच्या शिफ्टमध्ये विसरली? २७ व्या वर्षी तब्येत चांगली वाटायला लागली की हे होतं, चांगल्या घरातल्या शहाण्या मुलांकडूनही होतं. विचाराल तेव्हा रागावून विचारू नका. रागावलात तर तो 'घेतल्या' म्हणेल आणि तुम्हाला खरं कधीच कळणार नाही. जेवायला बसल्यावर सहज म्हणा, 'राहिल्या असतील तर सांग, डॉक्टरांना तेवढंच कळवायचंय.' गोळ्या राहिल्या असतील तर रक्तातलं औषध कमी पडलेलं असू शकतं, आणि हे १.६ रिजेक्शनचं पहिलं पाऊल असू शकतं.

औषध जास्त झालं तरी क्रिएटिनीन १.६, औषध कमी पडलं तरी १.६. एकाला डोस उतरवायचा, दुसऱ्याला चढवायचा, कदाचित बायॉप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा तपासून, वेगळे उपचार द्यायचे. चुकीच्या बाजूला गेलो तर नुकसान वाढतं. म्हणून घरी, भाच्याने सांगितलं तरी, गुगलने सांगितलं तरी, एक गोळीसुद्धा कमी-जास्त करायची नाही. फाटा कुठला ते टॅक्रोलिमसची लेव्हल दाखवते, आणि तीच चार महिने झालेली नाही.

ही लेव्हल कशी करायची ते सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. आमच्या ओपीडीत सकाळी साडेआठला बाकावर पाच-सहा जण बसलेले असायचे, प्रत्येकाच्या हातात किंवा खिशात एक पुडी. रक्त दिलं की लगेच पुडी फोडायची, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची. रात्रीची गोळी ९ ला घेतली असेल तर सकाळी ९ ला, गोळी घेण्याआधी, रक्त द्यायचं. बारा तासांनी औषध रक्तात सगळ्यात कमी उरलेलं असतं आणि डॉक्टरांना तोच तळाचा आकडा हवा असतो. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असेल तर चोवीस तासांनी. एक काका साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने यायचे. एकदा त्यांनी वेळ चुकू नये म्हणून गोळी गाडीतच घेतली आणि तासा-दीड तासाने रक्त दिलं. लेव्हल १९ आली. त्यांची नेहमीची ६ असायची. डोस निम्मा करायचं लिहूनही झालं होतं. मी सहज विचारलं, काका, गोळी कुठे घेतली? ते म्हणाले, खंबाटकी उतरल्यावर. तो डोस खरंच निम्मा झाला असता तर महिन्याभरात काय झालं असतं याचा विचार मी आजही करते. तुमच्या मुलाचा चार महिन्यांपूर्वीचा आकडा, तो गोळी घेऊन गेलेला, कितीही चांगला दिसत असला तरी बाजूला ठेवा. त्यावरून काही ठरवता येत नाही.

पहिलं वर्ष सरल्यावर ही लेव्हल बऱ्याच सेंटरमध्ये ५ ते ८ नॅनोग्रॅमच्या आसपास ठेवतात. पण तुमच्या मुलाचं लक्ष्य काय, ते त्याच्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. जुलाबासाठी इथल्या डॉक्टरांनी काय दिलं होतं, त्या पाकिटांचा फोटोही पाठवा. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांसारख्या औषधांनी लेव्हल चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने किंवा फिटच्या काही गोळ्यांनी ती धाडकन उतरते. सेप्ट्रान ही अँटिबायोटिक चालू असेल, तर त्यातलं ट्रायमेथोप्रिम किडनीतून क्रिएटिनीन बाहेर पडण्याची एक वाट अडवतं, त्यामुळे गाळण्याचा वेग तोच राहून आकडा मात्र वाढलेला दिसतो. आणि अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं असेल तर ते खरोखरच किडनीला मारक आहे, तेही लपवू नका.

त्याच रक्तात पोटॅशियम तपासायला सांगा. टॅक्रोलिमसने पोटॅशियम वाढतं, आणि जुलाब झाले की आपल्याकडे पहिल्यांदा शहाळं आणतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. रिपोर्ट येईपर्यंत शहाळं नको, साधं पाणी डॉक्टर सांगतील तेवढं. लघवीतली प्रथिनं आणि लघवीची तपासणीही त्याच दिवशी होऊन जाऊ दे.

भाच्याचा मुद्दा चुकीचा नाही, पण तुमच्या मुलाला तो आत्ता फारसा उपयोगी नाही. सिस्टॅटिन सी हे एक छोटं प्रथिन आहे, शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी ते तयार करतात, त्यामुळे स्नायू कमी-जास्त असल्याने फारसं बिघडत नाही. ते कुणाला लागतं, ते सांगते. आमच्याकडे किडनी बसवलेली एक मुलगी होती, वजन ३६ किलो, कित्येक वर्षं डायलिसिसवर काढून हातापायाच्या काड्या झालेल्या. तिचं क्रिएटिनीन ०.९ यायचं आणि घरचे खूश असायचे. स्नायूच नव्हते, तर क्रिएटिनीन येणार कुठून? तिचं सिस्टॅटिन केलं तेव्हा कळलं की किडनी दिसते तितकी चांगली चालत नाही. अशा माणसाला ही टेस्ट मोलाची. पण स्टेरॉइडने सिस्टॅटिन वाढतं, थायरॉइडच्या गडबडीने बदलतं, अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला, वजन जास्त असलं तरी वाढतं. तुमच्या मुलाचं आधीचं सिस्टॅटिन कधी झालेलंच नाही, मग आत्ता आलेला आकडा कशाशी ताडणार? क्रिएटिनीनचे सोळा महिन्यांचे आकडे तुमच्या पिशवीत आहेत. जुनी असली तरी त्याच्याबाबतीत तीच टेस्ट जास्त बोलते. डॉक्टरांना वाटलं तर ते दोन्ही मिळून बघतील.

क्रिएटिनीनची एक उणीव मात्र खरी आहे, ते उशिरा बोलतं. किडनीत रिजेक्शन सुरू होऊन बरंच काही घडून गेल्यावर आकडा हलतो, आणि कधी कधी हलतच नाही. म्हणूनच आकडा हलल्यावर तरी आपण वेळ दवडायचा नाही. दुसऱ्या तपासणीतही १.६ च आलं तर डॉक्टर बहुधा आणखी रक्त मागतील. एक, दात्याच्या पेशींविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी, ज्यांना आम्ही डीएसए म्हणतो. दुसरं, बीके व्हायरसचं पीसीआर. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून गप्प बसलेला असतो आणि प्रतिकारशक्ती दाबली की किडनीत जागा होतो, त्यावर उपाय म्हणजे औषधं कमी करणं, म्हणजे रिजेक्शनच्या अगदी उलट. अलीकडे एक नवी टेस्टही आली आहे, त्यात रक्तात तरंगणारे दात्याच्या डीएनएचे तुकडे मोजतात. किडनीच्या पेशी दुखावल्या की ते वाढतात, एका टक्क्याच्या वर गेले की शंका घेतात. ती महाग आहे आणि सुरुवातीलाच करायची नाही. या सगळ्यानंतरही उलगडलं नाही तर बायॉप्सी. बायॉप्सीचं नाव ऐकून घाबरू नका. बसवलेली किडनी ओटीपोटात कातडीच्या जवळच असते, सोनोग्राफीत बघत बारीक सुईने तुकडा घेतात, आणि रक्ताचा कुठलाही आकडा सांगू शकत नाही ते त्यात दिसतं.

काढा देऊ नका. नणंदबाईंची माया खरी आहे, त्यांना दुखवू नका, पण काढा नकोच. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून लोक घेतात. तुमचा मुलगा रोज दोन वेळा गोळ्या घेतो त्या प्रतिकारशक्ती आवरून धरायला, नाहीतर त्याचं शरीर तुमची किडनी परकी म्हणून ओळखेल. शिवाय गुळवेलीने काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद आहे.

त्याला ताप आला, लघवी कमी झाली, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज दिसली, वजन दोन दिवसांत दीड-दोन किलोने वाढलं, बीपी चढलं, किंवा किडनी बसवली त्या जागी दुखू लागलं, तर फोनही करत बसू नका, गाडी करून सेंटरला न्या. यातलं काही नसेल तरी दोन दिवसांतली तपासणी चुकवायची नाही, कारण हल्लीच्या औषधांमुळे रिजेक्शन पुष्कळदा काहीच लक्षण न दाखवता येतं.

हे सगळं मार्गी लागलं की मात्र दर आठवड्याला क्रिएटिनीन करत बसू नका. वर्ष उलटल्यावर, सगळं स्थिर असेल तर, दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरतं, तुमचे डॉक्टर सांगतील तसं. एका वहीत तारीख, लॅबचं नाव, क्रिएटिनीन, लेव्हल, आणि रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते लिहीत जा. वही मुलाकडे द्या. लिहायचं त्यानेच, तुम्ही फक्त बघायची.

राहिला तुमचा प्रश्न, जो मला वाटतं तुम्हाला सगळ्यात आधी विचारायचा होता. माझी किडनी जुनी पडली का? नाही, ताई. ५२ वर्षांच्या निरोगी आईची किडनी ही फार चांगली किडनी असते. अर्धं जुळणारं रक्ताचं नातं, आणि एका टेबलावरून काढून थेट शेजारच्या टेबलावर बसवलेली, बर्फात तासन्‌तास न राहिलेली. तुमच्या शरीराला पुरणारी एक किडनी आता एका तरण्या पुरुषाचं शरीर सांभाळतेय, म्हणून तिचं १.३ होतं. सोळा महिने ती हे करतेय. आता जे काही झालं असेल ते पाण्याने, औषधाने किंवा त्याच्या शरीराच्या प्रतिकाराने झालं असेल. तुमच्या देण्यात काही कमी पडलेलं नाही.

तुमच्या पत्रात मुलाचे सगळे आकडे आहेत, तुमचा एकही नाही. दात्याने वर्षातून एकदा क्रिएटिनीन, लघवीतली प्रथिनं आणि बीपी तपासायचं असतं, आयुष्यभर. सोळा महिन्यांत तुमची ही तपासणी झाली का? एक किडनी दिल्यावर दात्याचं क्रिएटिनीनही पूर्वीपेक्षा थोडं वर स्थिरावतं, तेव्हा तुमच्याही रिपोर्टवर 'एच' दिसला तर घाबरू नका, ऑपरेशननंतर घरी सोडताना लिहून दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. परवा सकाळी मुलाबरोबर लॅबला जाल तेव्हा तुमचंही रक्त द्या. त्याची गोळी पुडीत बांधून तुमच्याच पर्समध्ये ठेवा, रक्त देऊन झालं की त्याच्या हातात द्या, आणि मग दोघं मिळून नाश्ता करा.